दुभाजकातली वाट

ऐंशीची पाटी असेल तिथं मी ऐंशीवरच गाडी चालवते, आणि त्यामुळे आमच्या घरात माझ्या गाडीत बसायला कुणी राजी नसतं. नवरा म्हणतो, तुझ्या शेजारी बसलं की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. मागून ट्रकवाला हॉर्न देत राहतो. मोटरसायकलवाले डावीकडून पुढे निघून जातात आणि जाताना मान वळवून बघतात, बाई चालवते आहे का म्हणून. बाईच असते. मग ते समाधानानं निघून जातात.

हे वेड मला बँकेतल्या बदल्यांनी लावलं. पुण्यात तीन वर्षं होते. तिथं लोक नियम मोडतात, पण तुम्ही मोडलात तर गाडी थांबवून तुम्हाला समजावून सांगतात. मग चंदीगड. तिथं पहिल्या आठवड्यात एका रिकाम्या चौकात सगळ्या गाड्या पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे मुकाट उभ्या बघितल्या आणि मला वाटलं कुणी मंत्री जायचा असेल. मंत्री नव्हता, लाल दिवा होता. शहराची हद्द संपली की तीच माणसं दावं सुटल्यासारखी गाड्या पळवायची, ती गोष्ट वेगळी. कोइमतूरला एकच कायदा होता: बस आली की बाजूला व्हायचं. मी महिनाभरात शिकले.

आणि मग परत नागपूर. रस्ते रुंद, माणसं ऐसपैस. सिग्नलला दोन ओळखीचे स्कूटरवाले भेटले तर दिवा हिरवा होऊन पुन्हा लाल होतो, यांच्या गप्पा चालूच. सीताबर्डीत समोरून उलट्या दिशेनं येणारा माणूस तुमच्याकडे असा काही बघतो, की आपणच चुकलो की काय असं क्षणभर वाटतं. एकाला मी काच खाली करून विचारलं, हा वन-वे आहे, दिसत नाही का. तो जराही चिडला नाही. म्हणाला, मॅडम, मले इथंच तं जायचं आहे. मी काच वर केली. असल्या माणसांशी भांडण्यात माझी निम्मी हयात गेली आहे आणि एकही भांडण मी जिंकलेली नाही.

पण मला सांगायचं आहे ते माझ्या वडिलांबद्दल. ते त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. नागपूरहून सावनेरकडे निघालं की हायवेला लागून, डाव्या हाताला आमचं गाव आहे. गावाचं नाव मी इथं लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल. बाबा जवळच्या खापा गावातल्या एका शाळेत कारकून होते. निवृत्त झाले आणि त्यांनी सगळा जीव संत्र्याच्या बागेत घातला. ही बाग रस्त्याच्या पलीकडे, घराच्या जवळजवळ समोर. अंगणात उभं राहिलं की बागेतलं मोटारघर दिसतं. वीज येईल तेव्हा मोटर सुरू करायला बाबा स्कूटरवर जातात, झाडांना पाणी पोचतंय का ते पाहून परत येतात. दिवसातून दोन खेपा तरी होतातच.

पूर्वी हा रस्ता साधा होता. एक गाडी इकडून, एक तिकडून, दोन्ही बाजूंना चिंचा. आमचं गाव आलं की ड्रायव्हर आपोआप हळू व्हायचे, कारण गुरं, शाळकरी पोरं, चहाची टपरी, सगळं रस्त्यावरच. पलीकडे जायचं तर बाबा हात दाखवायचे. नुसता हात. तळवा समोरच्या गाडीकडे करून खांद्याइतका वर धरायचा आणि चालू लागायचं. गाडी थांबायची. मी लहान असताना त्यांच्या दुसऱ्या हाताचं बोट धरून असा रस्ता कितीदा ओलांडला आहे आणि मला ती जगातली सगळ्यात सुरक्षित गोष्ट वाटायची. आमच्याकडे सगळेच हात दाखवतात. म्हाताऱ्या दाखवतात, बैलगाडीवाले दाखवतात. हात दाखवला की थांबायचं, हे इथल्या ड्रायव्हरला कुणी शिकवावं लागत नाही.

मग रस्ता चौपदरी झाला. चिंचा गेल्या. मधोमध सिमेंटचा दुभाजक आला आणि गाव एकीकडे, शेतं दुसरीकडे असं झालं. गावकऱ्यांनी तक्रार वगैरे केली नाही. एका सकाळी ट्रॅक्टरला साखळी लावून त्यांनी दुभाजकाचे दोन ठोकळे ओढून काढले आणि स्कूटर निघेल एवढी वाट केली. तिला सगळे गॅप म्हणायचे. बाया डोक्यावर भारे घेऊन गॅपमधून यायच्या, बाबा स्कूटर घेऊन गॅपमधून जायचे, आणि सगळे हात दाखवायचे. फरक एवढाच पडला होता, की आता येणाऱ्या गाड्या लांबून आलेल्या असायच्या आणि त्यांना या हाताचा अर्थ ठाऊक नव्हता.

एका रविवारी मी गावी गेले होते. गाडी कडेला लावत होते, तेवढ्यात बाबा स्कूटरवर घरून निघालेले दिसले. मागे निळी कॅन बांधलेली. त्यांनी उजवा हात स्कूटरच्या मुठीवर ठेवला, डावा वर केला आणि समोर बघत रस्त्यात शिरले. गाडी येत होती तिकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मध्य प्रदेशच्या नंबरची पांढरी गाडी होती, शंभराच्या वरच असेल. तिचे टायर ओरडले, गाडी आडवी होता होता राहिली आणि बाबांच्या स्कूटरपासून हातभर अंतरावर थांबली. जळलेल्या रबराचा वास माझ्यापर्यंत आला. बाबा गॅपमधून शांतपणे पलीकडे गेले.

मी त्यांच्या मागे बागेत गेले तेव्हा ते मोटरचं बटण दाबत होते. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थांबला ना तो?"

त्यानंतरचं वर्षभर मी हरेक उपाय करून पाहिला. हेल्मेट आणून दिलं. ते मोटारघरातल्या खुंटीला लटकलं. मोटर मोबाईलवरून सुरू होण्याचं यंत्र बसवून दिलं. बाबा म्हणाले, झाडाजवळ गेल्याशिवाय झाडाला काय पाहिजे ते कसं कळणार, आणि यंत्र बंद करून ठेवलं. बाग कुणाला तरी ठेक्यानं द्या म्हटलं, तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आई म्हणायची, त्यांनी जन्मात कुणाचं ऐकलं आहे का, तू कशाला डोकं फोडून घेते. पण आईसुद्धा स्कूटरचा आवाज लांब गेला की हातातलं काम ठेवून दारात येऊन उभी राहायची. मी पाहिलं आहे.

नागपुरात ऑफिसमध्ये बसलेली असताना वीज कधी येते, कधी जाते हे मला कळत नसे. त्यामुळे बाबा या क्षणी रस्त्यावर आहेत की नाहीत, हेही कळत नसे. म्हणजे दिवसभर ते रस्त्यावरच असत. अनोळखी नंबरवरून फोन आला की उचलण्याआधी मी घोटभर पाणी प्यायचे.

शेवटी मी तक्रार केली. हायवेच्या तक्रारींसाठी मोबाईलवर सोय आहे, तिथं. दुभाजकात बेकायदा वाट केली आहे, जीवितास धोका आहे, ती त्वरित बंद करावी. पुढच्या रविवारी गाडीतूनच तीन फोटो काढले आणि जोडले. खरं सांगते, काही होईल असं मला वाटलंच नव्हतं. आमच्या गल्लीतल्या गटाराचं झाकण दोन वर्षं मागते आहे मी. तक्रार केली ती केवळ आपण काहीतरी केलं असं मनाला सांगता यावं म्हणून.

आठव्या दिवशी गॅप बुजला. नुसता बुजला नाही, वर लोखंडी कठडाही बसला. माझ्या मोबाईलवर निरोप आला: आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे, आपण समाधानी आहात का? खाली पाच चांदण्या होत्या. मी पाचही भरल्या. त्या रात्री किती दिवसांनी मला गाढ झोप लागली.

आता इथला भूगोल सांगावा लागेल. घरून निघून नियमानं बागेत जायचं तर सावनेरच्या बाजूला अडीच किलोमीटर जा, तिथल्या वळणावरून फिरा आणि अडीच किलोमीटर परत या. नागपूरच्या बाजूचं वळण त्यापेक्षा जवळ आहे, एकच किलोमीटरवर. पण तिथं पोचायचं तर येणाऱ्या गाड्यांच्या समोरून उलटं जावं लागतं आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा तेवढंच उलटं. माझ्या डोक्यात होतं की गॅप बंद झाला म्हणजे माणसं मुकाट्यानं पाच किलोमीटर फिरून जातील. चार गावांत गाडी चालवून मी काय शिकले होते, देव जाणे. कारण आमच्या गावच्या माणसाला समोर दिसणाऱ्या बागेसाठी पाच किलोमीटर फिरायला सांगणं म्हणजे त्याची थट्टा करणं आहे, हे कुणीही सांगितलं असतं.

पुढच्या रविवारी मी निघाले. पाटीवर ऐंशी, काट्यावर ऐंशी. गावाच्या अलीकडे माझ्यापुढे एक कंटेनर होता, तो उजवीकडे सरकला आणि समोर रस्त्याच्या कडेनं एक स्कूटर माझ्याच दिशेनं येताना दिसली. भरदिवसा दिवा लावलेला. मागे निळी कॅन. मी ब्रेकवर उभी राहिले. गाडी थांबली तेव्हा आमच्यात फारतर दोन गाड्यांचं अंतर होतं. बाबांनी हात वर केला होता. मला ओळखल्यावर तो हात त्यांनी खाली घेतला आणि हसले.

मी खाली उतरून त्यांच्याजवळ जाईपर्यंत ते बोलायलाही लागले होते. दिवा लावला की समोरच्याला कळतं, काळजीचं कारण नाही, असं काहीतरी. मग म्हणाले, "काय करू वं, कोण्या दीडशहाण्यानं तक्रार करून गॅप बंद करून टाकला. आता असंच जा लागते."

बाजूनं गाड्या सणसणत जात होत्या. आधी दिवसातून चार वेळा पन्नास पावलांचा धोका होता, तो मी माझ्या हातानं दोन किलोमीटर लांब केला होता. यापेक्षा दुसरं काही मला सुचत नव्हतं.

गावात तक्रार करणाऱ्याचा शोध सुरू झाला. बायांना आता भारे घेऊन कठड्यावरून चढावं लागत होतं. पुढच्या वळणावर एक ढाबा आहे. लोकांना तिकडून फिरायला लागलं तर त्याचा धंदा वाढेल, म्हणून त्यानंच केलं असेल असं ठरलं आणि गावानं त्याच्याकडे चहा पिणं बंद केलं. तो बिचारा शपथा घेत राहिला. हे मला बाबांनीच फोनवर सांगितलं, वर म्हणाले की तू बँकेत आहेस, तुला लिहिता येतं, गॅप पुन्हा उघडावा म्हणून एक चांगला अर्ज लिहून दे.

मी लिहून दिला. आयुष्यात इतका चांगला अर्ज मी कधी लिहिला नसेल. बायांचे भारे, शाळकरी पोरं, वृद्ध शेतकरी, सगळं आलं त्यात. गावानं सह्या केल्या, अंगठे दिले. बाबांनी पहिली सही केली आणि अर्ज दोनदा वाचून मला म्हणाले, वाचताना रडू आलं मले.

तो अर्ज घेऊन मी स्वतः हायवेच्या खात्याच्या कचेरीत गेले. आतला अधिकारी भला माणूस होता, त्यानं बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मी दार लोटून घेतलं आणि त्याला खरं सांगितलं, की तक्रार माझीच आहे आणि मला ती मागे घ्यायची आहे. त्यानं संगणकात पाहिलं. तक्रार निकाली निघालेली होती. निकाली निघालेली तक्रार मागे घेता येत नाही. एकदा बंद केलेली बेकायदा वाट कायद्यानं पुन्हा उघडताही येत नाही. खालून भुयारी रस्ता मागता येईल, त्याचा प्रस्ताव वर जाईल, पाहणी होईल, वर्षं लागतील. मग तो समजुतीच्या स्वरात म्हणाला, "मॅडम, लोक आमच्याकडे येतात ते काम झालं नाही म्हणून. तुमचं तर झालं."

अर्ज तिथंच देऊन परत येताना मी ऐंशीच्या रस्त्यावर चाळीसनं आले.

गावाला जेव्हा अर्जाचं उत्तर मिळालं नाही, तेव्हा सरपंचांनी माहितीच्या अधिकारात कागद मागवले. कुणाच्या सांगण्यावरून वाट बंद केली, याची नक्कल द्यावी. महिन्यानं नक्कल आली. हे मला ठाऊक नव्हतं. मी नेहमीसारखी रविवारी गेले, जेवणं झाली, आई भांडी आवरायला आत गेली. बाबा ओट्यावर खुर्चीत बसले होते. त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

माझीच तक्रार होती. नाव आणि नंबर काळ्या शाईनं खोडलेला. खाली तीन फोटो, झेरॉक्समध्ये काळपट झालेले. मी काढताना फक्त गॅपकडे पाहिलं होतं. तिसऱ्या फोटोत गॅपमध्ये एक माणूस स्कूटरवर पाठमोरा होता, एक हात वर केलेला, मागे कॅन. त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"हा मी आहो," बाबा म्हणाले.

मी मान हलवली. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात माझ्या गाडीच्या काचेचा तुकडा आला होता आणि त्यावरची बँकेच्या पार्किंगची गोल चिठ्ठी. त्यावर त्यांनी बोट ठेवलं नाही, पण ती त्यांनी पाहिली होती. सरपंचांनी त्यांना विचारलं होतं, काका, हा फोटो कुणी काढला असेल, कोण उभं होतं त्या दिवशी. बाबांनी सांगितलं होतं, मला पाठीमागचं काय दिसणार.

मला वाटलं आता ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं, मलाही तोंड आहे. मी म्हणाले, बाबा, तुम्हाला शंभरदा सांगितलं होतं मी.

"तुले माया जिवाचं भेव वाटते, ते समजते मले," ते म्हणाले. "पण मले सोडून तू साहेबाले काहून सांगितलं वं?"

"तुम्ही ऐकलं असतं का?"

"नसतं ऐकलं. तरी बी मलेच सांगाचं होतं."

एवढंच. तो कागद त्यांनी माझ्या हातातून परत घेतला, घडी केली आणि खिशात ठेवला. आईला काही सांगितलं नाही. मला वाटतं अजूनही सांगितलेलं नाही. ढाबेवाल्याकडे मात्र ते दुसऱ्या दिवशी गेले आणि सगळ्यांसमोर चहा प्यायले. गावातले आणखी दोघंचौघं मग जायला लागले.

त्या दुपारी चार वाजता वीज आली. बाबा उठले, कॅन बांधली, स्कूटरला किक मारली. एरवी मी या वेळी फाटकापर्यंत मागे जायचे. कडेनं जा, हेल्मेट घाला, हात दाखवू नका, थांबून बघा. ते हूं हूं करत, काहीही न ऐकता निघून जायचे आणि मी घरात येऊन चिडचिड करायचे. त्या दिवशी मी फाटकाशी जाऊन उभी राहिले आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. त्यांनी क्षणभर वाट पाहिली. मी सूचना देईन म्हणून ते थांबले होते, हे त्यांच्या स्वतःच्या तरी लक्षात आलं की नाही कोण जाणे. मग दिवा लावला आणि नागपूरच्या दिशेनं, येणाऱ्या गाड्यांच्या समोरून, कडेकडेनं निघून गेले. स्कूटर दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले. चार ट्रक, दोन बस आणि कितीतरी गाड्या त्यांच्या बाजूनं गेल्या.

पुढच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला मी बँकेतून निघत होते, तेव्हा बाबांचा फोन आला. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत. मी उचलला तर ते म्हणाले, "आलो घरी." आणि ठेवून दिला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशीही. आता रोज येतो. आमच्यात बागेचं बोलणं होत नाही, रस्त्याचं तर नाहीच. वीज संध्याकाळी उशिरा आली की फोनही उशिरा येतो आणि तोवर मी घरात इकडून तिकडे फिरत असते, नवरा मला खाली बस म्हणतो. हा फोन म्हणजे बाबांचा राग आहे की माया, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. रोज ते माझी तक्रारच निकाली काढताहेत असं कधी वाटतं. रोज ठरवते, आज फोन आला की म्हणायचं, बाबा, चुकलं माझं. फोन वाजतो, मी उचलते, ते म्हणतात, आलो घरी. मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी फोन ठेवलेला असतो.